शनिवार-रविवार, मढ

शुक्रवारी रात्रीच द्वारकीमावशी
वलांडीवरचे बोंबील उतरवून घेते,
बांबू सोडते, चुन्याने रेघा ओढते.
बारा गाड्या. दाटीवाटीने तेरा.

पूर्वी या गल्लीत एकच गाडी यायची,
बर्फाची.
आता नऊ वाजले नाहीत तोच
चर्चच्या वळणावर सगळं थिजतं,
रिसॉर्टची बस मागे येईना,
पाण्याचा टँकर पुढे जाईना,
आणि मधोमध जोमाकाका, गळ्यात शिट्टी:
"ए सफेद, दाब डावीला,
भिंत काय खात नाय तुला!"
चाळीस वर्षं होडी नांगरलेला माणूस
गाडीही तशीच लावतो,
आधी वारा बघतो.

चारचाकी शंभर, दुचाकी तीस.
काच अर्धी उतरते, नाकाला रुमाल.
"वास कसला येतोय हो इथे?"
मावशी पावती फाडते.
"तुमच्या जागेचा."

रविवारी रात्री ती नोटा मोजते,
मग तेलाच्या डागांवर राख टाकून
पायाने घासत बसते.

सोमवारी बोंबील पुन्हा चढतात.
एक वलांडी मात्र
गेल्या महिन्यापासून भिंतीला टेकून आहे,
आणि चुना पुसायचा
हल्ली राहूनच जातो.