विसर्ग

मंगळवार, शनिवार. सिव्हिलचा तिसरा मजला.
सहा खाटा, पाच यंत्रं चालू,
सहाव्यावर चिठ्ठी : "बंद आहे."
खाली कुणीतरी पेनाने : "मीपण."

चार तास रक्त बाहेर फिरून येतं,
पारावर गप्पा हाणून आल्यासारखं.
तोवर आम्ही धरणाच्या बातम्या चालवतो.
निवेदक तन्वीर, वय एकोणीस, वडाळा गाव :
"गंगापूरमधून आज दोन हजार आठशे क्युसेक विसर्ग.
नदीकाठच्यांनी गुरंढोरं, गाद्या हलवाव्यात."
भामाबाई गांगुर्डे सुजले पाय पुढे करतात,
"बघ रे, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?"
तो बोटाने दाबतो. खळगा पडतो,
भरून यायला बराच वेळ घेतो.
"गुडघ्याला, मावशी. सराफ बाजार अजून कोरडा."

मी तांबट. चाळीस वर्षं हंडे ठोकले.
आता दिवसाला दोन फुलपात्रं पाणी,
फुलपात्रही माझ्याच हातचं.
जिभेवर बर्फाचा खडा ठेवून
मी सगळ्यांना मिसळ वाढतो :
"रस्सा घ्या, लाजू नका, तर्री वर आलीय."
कोपऱ्यातले सोनवणे सर
खरंच नाक पुसतात.

पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो.
सुई टोचायच्या आधी तन्वीर आला,
हाताची ती जोडलेली, गुणगुणणारी शीर
माझ्या कानाला लावली.
"उचला काका, तुमचा फोन आहे."
म्हटलं, राँग नंबर.
"मग बोला की निवांत. बिल मला येतं."

आज चार नंबरवर नवी चादर.
सिस्टरने तिच्या घड्या दोनदा सरळ केल्या.
पंखा. यंत्रं.
सोनवणे सर छत वाचत होते.
मग भामाबाईंनी घसा खाकरला,
"गंगापूरमधून आज..." आणि आकडा विसरल्या.
"किती गं सिस्टर? साडेतीन?
बघा, कारट्याने जाताना
सगळे दरवाजे उघडे टाकले."

हसू आलं ते जुन्या नाशकातल्या नळासारखं :
आधी नुसती हवा, मग खोकला, मग गढूळ,
मग.

दुपारच्या पाळीला चार नंबरवर एक बाई आली.
पदराचा बोळा तोंडात. भिंतीकडे वळली.
माझी सुई निघाली होती, पट्टी बांधलेली,
पट्टीखाली गुणगुण चालूच.
खाटेला धरत धरत गेलो.

उचला, बाई.
केव्हाचा वाजतोय.