किती गेला खाली

परभणीत, वसमत रोडला, दवाखान्याच्या प्लॉटवर
अडीचशे टन वाळूची पोती रचलीत
एका पाइलच्या डोक्यावर.
मधे जॅक. कडेनं चार डायल गेज.
पाच मीटर काळी माती, मग मुरूम, मग कुठे खडक,
असं बोअरचा कागद म्हणतो.

रात्री दर तासाला बॅटरी मारते, आकडा लिहिते.
रस्त्यानं टिप्पर गेला की काटा शहारतो;
तो आकडा धरायचा नाही.

ख्वाजामियाँ चहा घेऊन येतात.
"किती गेला खाली, ताई?"
तीन पॉइंट बेचाळीस.
"फूट?"
मिलिमीटर.
ते स्वतःच्या नखाकडे बघत राहतात.
"आमची भिंत हातभर गेली काळ्या रानात.
कुणी वही घेऊन आलं नव्हतं."

पहाटे जॅक सोडला.
काटा हळूहळू उलटा फिरला, एक पॉइंट दहा.
तेवढं जमिनीनं परत दिलं,
दोन पॉइंट बत्तीस ठेवून घेतलं.

शेवटच्या रकान्यात लिहिलं, समाधानकारक.
"म्हंजी काय हो?"
म्हणजे बसला थोडा, चाचा.
पण सांगून बसला.