हराळी

चौतीस वर्षं मी तणशास्त्र विभागात होतो.
परभणीच्या काळ्या रानात हराळी कशी मारायची
हे सांगत गावोगाव फिरलो.
उन्हाळ्यात खोल नांगरा, काशा वेचा,
बांधावर ढीग घालू नका, जाळा.
एक पेर राहिलं तरी फुटते पुन्हा.
लोक माना डोलवायचे.
त्यांना ते माझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं.

आणि आता चौसष्टाव्या वर्षी
गवत बघायला विलायतेला जायचं म्हणतोय, म्हटल्यावर
सुलभा चहा गाळता गाळता थांबली.
"गवत?"
"गवतावरचं टेनिस."
"मग तसं म्हणा की. मला वाटलं, परत ड्युटी लागली."

पैसे आहेत. सातव्या आयोगाच्या फरकाचा हप्ता
अखेर ट्रेझरीतून सुटला.
जुन्या प्रयोगाच्या नोंदवहीत चार पानं कोरी होती,
"तणांची संख्या, प्रति चौरस मीटर" या रकान्याखाली
मी व्हिसाची फी लिहिली,
विमान, मोजे, आंबेहळदीची डबी, दशम्या तीन दिवसांच्या.
पासपोर्टच्या फोटोत हसू नका, म्हणाला पोरगा.
ते सगळ्यात अवघड गेलं.

सोबतीला अन्वरभाई.
स्टेशन रोडला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान,
मागच्या खोलीत रॅकेटला तार भरतात.
अख्ख्या परभणीत रॅकेटी अकरा,
त्यातल्या दोन आमच्या,
तीन कलेक्टर बदलून गेले तेव्हा विसरले त्या.

तिकिटांची सोडत असते.
आम्ही भरला होता फॉर्म, भाच्याच्या मोबाइलवरून.
फेब्रुवारीत मेल आला, भाच्यानं वाचून दाखवला:
या वेळी आपली निवड झालेली नाही.
अन्वरभाई भिंगातून स्प्रिंग बघत राहिले.
"प्लॉटच्या सोडतीत तरी कधी आलं होतं आपलं नाव?"

पण रांग असते तिथं.
आदल्या रात्रीपासून, तंबू ठोकून, मैदानात.
प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी,
जागा सोडून फार वेळ जायचं नाही असा नियम.
हे ऐकल्यावर मात्र अन्वरभाई एवढे हसले
की डोळ्याचं भिंग थेट चहात.
"आपल्याला? आपल्याला रांग शिकवायलेत ते?"
आमच्या गल्लीत नवव्या दिवशी नळ येतो, रात्री दोनला.
चपला ठेवून नंबर धरणारी माणसं आम्ही,
घागरीच्या बुडावर कुणाचं नाव आहे
ते अंधारात बोटांनी वाचणारी.

एक गोष्ट मी वहीत लिहिली नाही.
तिथं पाऊस आला की खेळ थांबतो म्हणे,
पोरं धावत येतात, गवतावर कापड ओढतात,
आणि हजारो माणसं आभाळाकडे बघून चुकचुकतात.
पाऊस आला म्हणून हळहळणारी माणसं
मला एकदा जवळून बघायचीत.
सामना हुकला तरी चालेल.

काल संध्याकाळी कॉलनीच्या कोर्टवर गेलो.
मुरमाचं कोर्ट, चुन्याच्या रेषा अर्ध्या उडालेल्या,
नेट म्हणजे मच्छीमार सोसायटीचं जुनं जाळं.
डाव्या खांबाच्या बुडातून हराळी आलेली,
बेसलाइनकडे निघालेली, चार पेरं टाकून.
खुरपं होतं पिशवीत. असतंच.
उकिडवा बसलो. सवयीनं काशी चिमटीत धरली,
ओढायची तेवढी राहिली होती.

तिथं आठ मिलिमीटर ठेवतात म्हणे गवत.
खिशातली पट्टी काढून लावली. नऊ भरली.
खुरप्याच्या धारेनं वरचं एक मिलिमीटर
इतकं हळू काढलं
की शेजारी बॅडमिंटन खेळणारी पोरगी विचारायला आली,
"काका, काय हरवलंय?"

अन्वरभाईंना सांगितलं नाही अजून.
ते म्हणतील, व्हिसा मिळाला नाही तर बरं पडेल,
पट्टी तेवढी आण, चप्पल ठेवून येतो.