कागदाची पाठ

शाळेला कुलूप लागलं त्या वर्षी
गावात मुलं उरली होती तीन, त्यातली दोन जुळी.
ती गेली आल्बर्टाला, बापाच्या तेलातल्या नोकरीमागे.
उरली माझी डल्सी.
न्यूफाउंडलंडच्या या टोकावरून बस
दीड तास जाते, दीड तास येते,
आणि वादळ असलं की जातही नाही, येतही नाही.

थेल्मा आठवडाभर शहरात, इस्पितळात, रात्रपाळीला.
म्हणाली, अँब्रोझ, तूच शिकव.
मी?
तुझे हात तरी शिकलेले आहेत, म्हणाली.

तर शेडमध्ये, पालथ्या घातलेल्या होडीशेजारी,
जाळ्याची जुनी बुचं दहा-दहा ओवली दोरीत.
एक माळ नऊचीच झाली,
दहावं बूच कुत्र्यानं नेलं.
वजाबाकी आम्ही तिथूनच सुरू केली.
लॉब्स्टरच्या नांग्यांचे रबर: निळे इकडे, पिवळे तिकडे.
खिळे लांबीप्रमाणे, डबे वजनाप्रमाणे, डोळे मिटून.
चूक झाली की आधी तिच्या तळव्याला कळते,
मग तिला,
मग मला.

मग अक्षरं. काचकागदाची, बोटानं गिरवायची.
कृती थेल्मानं फोनवर वाचून दाखवली,
सावकाश, मला वाचून दाखवते तशी:
अक्षर कागदाच्या पाठीवर काढायचं, उलटं,
आरशात दिसतं तसं.
कापून पालटलं की सुलटं होतं.
मी गप्प.
ऐकतोयस ना?

टल्कबाईंच्या वर्गात सहा वर्षं
माझ्या 'बी'चं पोट 'डी'च्या बाजूला सुटायचं.
समुद्रावर दाट धुक्यात मला डावं-उजवं कळतं,
लाल दिवा कुठला, हिरवा कुठला, झोपेतून उठवलं तरी;
पण एक काठी आणि तिचं पोट,
एवढ्याशा पाण्यात माझं तारू फिरायचं.
एकदा बाईंनी माझी वही आरशासमोर धरली.
बघा, म्हणाल्या, आता वाचता येतं.
वर्ग हसला. मीही हसलो,
मला तेव्हाही वाचता आलं नव्हतं.

त्या रात्री स्टोव्हमध्ये लाकूड सारलं,
कागद पालथा घातला, पेन्सिल घेतली.
एकामागून एक. खोडरबर लागलं नाही.
हात चालला, जसा वल्हं मारताना चालतो,
पाठ पुढं करून, न बघता.
पहाटेपर्यंत फळ्या रंगवल्या, होडीचाच उरलेला रंग,
स्वर निळे, व्यंजनं लाल.
पंचवीस बरोबर आली.
'एस'ला तेवढा घाबरलो.
जपून काढला, शाळेत काढावा तसा सुलटा,
आणि चिकटवायच्या आधी पालटून पाहिला तर
तो पाठमोरा.
टाकून दिला खोक्यात, काथ्या-चिंध्यांबरोबर.

सकाळी डल्सीनं दोन बोटांनी गिरवलं,
ब्ब, ड्ड, म्म,
बोटांची टोकं लाल होईपर्यंत.
आता तू, म्हणाली. डोळे मीट. चोरून बघायचं नाही.
मी मिटले.
अक्षर हललं नाही.
खरखरीत, थंड, एका जागी थांबलं माझ्या बोटाखाली,
धक्क्याला बांधल्यासारखं.
पुन्हा, म्हणाली ती. मी पुन्हा केलं.
चहा निवला.

दुपारी बर्फ उपसत होतो दारासमोरचा.
खोक्यातला तो 'एस' तिनं
थुंकी लावून खिडकीला चिकटवला होता आतून,
खरखरीत बाजू स्वतःकडे.
बाहेरून मला दिसला तो कागदाच्या पाठीवरचा,
पेन्सिलची रेघ अजून कडेला,
सुलटा.
काचेमागे तिचं दाबलेलं नाक,
आणि ओठ काहीतरी लांबवत होते, दातांतून.
वाऱ्यात ऐकू आलं नाही.
वाचलं.