पाणी मरतं तेव्हा

नाशिकला दिलेली माझी बहीण आग्नेस
फोनवर हसते : "पंधरा अंश? याला तुम्ही थंडी म्हणता?"
मी म्हणते, ये एकदा मढला, भाटीच्या बंदरावर,
जानेवारीत, रात्री तीनला,
मतलई वारा सुटल्यावर,
अंगात ओला स्वेटर घालून.
मग सांग मला तुझा आकडा.

बोटीवर आम्ही चौघं.
बाबा, म्हणजे इनास तांडेल,
लखमा खलाशी,
पालघरहून आलेला एक नवा पोर
ज्याचं नाव अजून कुणी नीट विचारलेलं नाही,
आणि मी.
भाऊ टँकरवर गेला त्या वर्षी
त्याचा रेनकोट माझ्याकडे आला.
बाह्या अजून दोनदा दुमडते.

पाणी मरतं वीसेक मिनिटं.
भरती संपलेली, ओहोटीला वाट सापडायची,
तेवढ्यात खुंटांवरची तीन जाळी उचलायची.
नंतर पाणी फिरतं
आणि तांडेलाचंसुद्धा ऐकत नाही.
पलीकडे वर्सोव्याच्या इमारतींत
सातआठ खिडक्या जाग्या.
कोण असतील, असं दर वेळी वाटतं.

पहिल्या जाळ्याचा खोला सोडला :
जेलीफिश, थर्माकोल,
कुणाच्या तरी नवसाचा नारळ
आणि एक लाल चप्पल, डाव्या पायाची.
नव्या पोरानं शिवी हासडली,
वाऱ्यानं ती त्याच्याच तोंडात परत कोंबली.

दुसऱ्या दोरीवर माझे हात गेले.
गेले म्हणजे, होते तिथंच, मनगटांच्या पुढं,
पण उसने आणल्यासारखे.
खरं सांगते, दोरी सोडायची इच्छा
भुकेसारखी ओरडत नाही.
झोपेसारखी येते, गोड,
आईच्या आवाजात म्हणते, पुरे आता, ये.

बाबा मागं न बघता बोलले,
"हाताकडं बगू नको. दोरीकडं बग.
गाठी मोज."

दर दोन वावांवर एक गाठ.
मी मोजल्या. सात. आठ.
नववी कुठंतरी अडकून राहिली,
लखमानं खांदा लावला, मी दात लावले
(खरंच लावले, दोरीला खारट डांबराची चव असते),
नववी आली.
धीर, चिकाटी हे शब्द मी चर्चमध्ये ऐकलेत.
बोटीवर कुणी काढत नाही.

तिसऱ्या जाळ्याचं पिंप
एका अंगाला कलायला लागलं होतं.
पाणी फिरत होतं.
बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं
सोललेल्या बोंबलासारखी पांढरी.
ते म्हणाले, "राव दे."
माझ्या आठवणीत पहिल्यांदाच म्हणाले.

मी नाळेवर गेले आणि गळ टाकून पिंप ओढलं.
मासळी असेल असं वाटलं म्हणून नाही.
माझं मोजणं अजून चालू होतं, इतकंच.

साडेतीन पाट्या बोंबील.
डिझेल निघालं, बर्फ निघाला,
लखमाची उचल निम्मी फिटली.

येताना चौघं इंजिनाच्या तापल्या पाइपाभोवती
चुलीभोवती बसावं तसे बसलो.
आणि नवा पोर, कुणी न विचारता, म्हणाला,
"माझं नाव सुकऱ्या."
"हां," बाबा म्हणाले,
आणि थर्मासातला पहिला चहा त्याला दिला.

घरी आल्यावर फोनवर अंगठा ठेवला.
ओळखला नाही. पुसून ठेवला.
पुन्हा नाही.
कातडीवर दोरीचा वळ आडवा पडलेला,
त्याच्यामधून मी कुठली ते त्याला कळेना.
मग नाकानं आकडे दाबून उघडला.
आग्नेसचे फोटो : शेकोटी, हुरडा, लोकरी टोपीतली मुलं.
उत्तर लिहिणं काही जमलं नाही.
गजर तेवढा लावला, नाकानंच.

उद्या पाणी
पाऊण तास उशिरा मरतं.