जाडीचा रकाना

दिघोरीच्या पुढे, उमरेड रोडला
आम्ही रस्त्याला भोक पाडलं. चार इंची.
टरबूजवाला गिऱ्हाइकाला
त्रिकोणी फोड काढून दाखवतो ना, तसं.
फक्त इथे गिऱ्हाईक कुणीच नव्हतं,
मी, इस्तारी उके आणि पाण्याचा ड्रम.

गाभा हातात आला तेव्हा कोमट होता.
मे महिन्यात इथला रस्ता
रात्री दोनलाही निवत नाही.

वर बारीक खडीचं डांबर, चार सेंटिमीटर.
खाली जाड खडीचं, पाच.
मग भोकात कोपरापर्यंत हात घातला:
पाचगावच्या क्रशरची सुटी खडी,
त्याखाली मुरूम, लाल, दाबून बसलेला,
आणि सगळ्यात खाली ती काळी.
पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते.
वर चौपदरी हमरस्ता झाला तरी
तिला अजून वाटतं, आपल्यात पराटी लावणार आहेत.

ट्रकचं चाक वरच्या थराला
तळहाताएवढं लागतं.
खडीला तेच परातीएवढं.
मुरमाला सतरंजीएवढं.
मातीला नुसतं कळतं, वरून कुणीतरी गेलं.
ओझं कुणी उचलत नाही यांच्यात.
जरा पसरवतात, आणि खाली देतात.

डांबर मात्र वाकतं.
डोळ्यांना दिसत नाही इतकं, प्रत्येक चाकाला.
वरून दबतं, तळाशी ताणतं,
म्हणून भेग बहुतेक तळाशी धरते.
आपल्याला वर दिसते
तोवर तिची दोन-तीन वर्षं झालेली असतात.

हे सगळं मी इस्तारीला सांगत होतो
आणि गाभा हातातच निखळला.
दोन तुकडे. चार आणि पाच.
मोडला नाही, सुटला.
मधे धूळ होती. बोटाला लागली, पिठासारखी.

इस्तारी म्हणाला, "झाडलं नसन जी."

दोन थरांमध्ये डांबराचं पातळ पाणी मारतात.
आधी तपकिरी असतं, चहासारखं,
मग वाऱ्यावर काळं होतं, बोटाला चिकटतं.
त्याआधी झाडावं लागतं. खराट्याने, मग हवेने.
एवढंच काम.
पण धुळीवर मारलं तर ते धुळीला चिकटतं,
रस्त्याला नाही.

चार अधिक पाच नऊ, हे कागदावर.
चिकटलेले नऊ म्हणजे फळी.
सुटे नऊ म्हणजे पत्त्यांचा कॅट,
वाकवून बघा.

पार्बता नेवारे भेटली, विहीरगावच्या साइटवर.
तोंडाला ओढणी, पायात दोन वेगवेगळ्या चपला.
"आमी झाडतच होतो," म्हणाली,
"चार बाया लागत होत्या, दोघीच बलावल्या.
मांगून मशीन आली. हटा म्हणे. हटलो."
मग मलाच विचारलं,
"तुमाले कसं समजलं?
वरून तं चांगलाच दिसते रोड."

ऑफिसात फॉर्म भरला.
थर एक, जाडी. थर दोन, जाडी.
घनता. डांबराचं प्रमाण. सगळं बसत होतं,
ठेकेदाराचं एक पैशाचं बिल अडलं नसतं.
मधल्या पाण्याला रकानाच नाही.
जाडी काय लिहिणार त्याची?
शेऱ्यात मी लिहिलं: थर सुटे. मधे धूळ.
पेन थांबलं. पुढे लिहिलं: झाडणाऱ्या बाया दोन.
साहेबांनी दुसरं वाक्य खोडलं,
म्हणाले, हे तांत्रिक नाही.

भोक आम्ही त्याच दिवशी बुजवलं होतं.
इस्तारीने आधी ते पुसलं,
स्वतःच्या दुपट्ट्याने, कडेकडेने,
जेवणाआधी ताट पुसावं तसं.
मग डांबर, मग माल, मग ठोकणी.
मी बघत राहिलो. काही बोललो नाही.

तुकडे टेबलावर आहेत अजून.
एकावर एक ठेवले की जुळतात,
नऊ सेंटिमीटर, पट्टी लावून बघा.
पंखा लावला की
मधून थोडी धूळ निघते.