परतपेटी

सावद्याच्या वाचनालयाला पेटी लागली मागच्या होळीला.
हुरमत तडवीने ठोकली ती, केळीच्या एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या पत्र्यातून.
बाहेरून हिरवा रंग दिला. आतून अजून वाचता येतं
अर्धं ‘हॉर्न’ आणि कुणाच्या तरी आईची कृपा.

वर एक फट.
‘एका वेळी एकच पुस्तक. दिवाळी अंक गुंडाळून टाकू नये.’
हे मी खडूने लिहिलं होतं, दोनदा पुसलं गेलं.

दहाला कुलूप काढते.
वैशाखात पुस्तकं निघतात गरम,
तव्यावरून उतरलेल्या कळण्याच्या भाकरीसारखी.
या हातावरून त्या हातावर झेलत
टेबलापर्यंत न्यावी लागतात.
पानांत वजनकाट्याची पावती, रावेरचं तिकीट,
केळीच्या चिकाचा डाग, जो कशानेच जात नाही.
एकदा शिवणकामाचं पुस्तक आलं, नऊ वर्षं उशिरा,
आत पन्नासची नोट, सुईने टाचलेली.
आमचा दंड पंचवीसच्या वर जात नाही.
उरलेले पंचवीस मी कोणत्या पेटीत टाकू?

बोरोले सरांचा पेटीवर विश्वास नाही.
साडेनवाला येतात, पुस्तक फटीत धरतात,
सोडत नाहीत.
मग सोडतात, आणि कान लावून ऐकतात पडल्याचं.
‘विहिरीत टाकलेल्या दगडाचाही आवाज येतो,’ म्हणतात,
‘पावती येत नाही.’
दहापर्यंत कडुनिंबाखाली उभे.
मी पुस्तक काढून वर धरून दाखवते,
रजिस्टरात लिहिते, तारीख मोठ्याने वाचते,
तेव्हा छत्री उघडून निघतात.

‘मग दहाला माझ्याच हातात द्या ना,’ एकदा म्हटलं.
‘मग पेटी कशाले बसवली?’

ज्येष्ठातल्या एका सोमवारी पुस्तक होतं,
सर नव्हते.
सवयीने मी ते वर धरलं.
कडुनिंबाखाली एक बकरी होती, तिने पाहिलं.
नोंद केली नाही.
अकरा वाजले, बारा वाजले, पेनचं टोपण उघडंच.
पानं झटकून पाहिली, चिठ्ठी नव्हती,
फक्त एक कोपरा दुमडलेला.
सर कोपरे दुमडत नाहीत,
दुमडणाऱ्याला वर्गाबाहेर काढत, असं हुरमतच सांगतो.
पाचला कुलूप लावलं. त्यांची ओळ कोरी.
घरी जाताना दोनदा वाटलं त्यांच्या गल्लीत वळावं.
वळले नाही. काय विचारणार होते?

मंगळवारी साडेनवालाच पोचले.
सर पेटीपाशी उभे, हात रिकामे.

‘केली का वं माय, नोंद?’
‘नाही.’
‘मले माहीत होतं.’
त्यांनी पेटीवर तळहात टेकवला,
चटका बसला तसा लगेच काढला,
आणि धोतराला पुसत म्हणाले,
‘लिव्ह आता. पण तारीख कालची टाक.
आजची टाकशीन
तं दंड लागीन मले.’